ट्रकचालकाची पात्रता : परवाना, प्रशिक्षण आणि अनुभव

देशांतर्गत मालवाहतुकीचा सुमारे ७० टक्के भार रस्त्यांवर आहे. असे असूनही रोजगारविषयक अभ्यासात ट्रकचालकाच्या व्यवसायाचा विचार अभावानेच होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०१९ मध्ये चालकांच्या शैक्षणिक अटीविषयीचा निर्णय जाहीर केला, तेव्हा वाहतूक व मालपुरवठा क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे नमूद केले होते. एकीकडे कामाच्या शोधात असलेल्या तरुणांची मोठी संख्या आणि दुसरीकडे चालकाअभावी उभे असलेले ट्रक, हे दृश्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोड्यात टाकणारे आहे. कमी वेतन हे त्याचे एक उत्तर झाले. परंतु ते अपुरे आहे. ट्रकचालक घडतो कसा, त्यासाठी लागणारा खर्च कोण करतो आणि घडलेल्या चालकाची पारख बाजारात कशी होते, या तीन प्रश्नांचा विचार केल्याशिवाय या कमतरतेचा उलगडा होत नाही.

कायद्याने ठरविलेल्या पायऱ्या

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार सर्वसाधारण मोटार वाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे, तर परिवहन वाहन चालविण्यासाठी २० वर्षे पूर्ण असावी लागतात. कलम ७ नुसार, हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. परिवहन वाहनासाठी नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मोटार प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. या परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली.

हलके वाहन कोणते, याविषयी बराच काळ वाद होता. कायद्याप्रमाणे ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलके, १२,००० किलोहून अधिक एकूण भाराचे मालवाहू वाहन अवजड आणि या दोहोंमधील वाहन मध्यम होय. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीने त्याच वजनमर्यादेतील टेम्पो चालविल्यास स्वतंत्र परिवहन परवाना लागतो काय, हा प्रश्न अपघाताच्या भरपाई दाव्यांमध्ये विमा कंपन्या वारंवार उपस्थित करीत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात असा परवाना लागत नाही असा निर्णय दिला आणि पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तोच कायम केला. मध्यम व अवजड वाहने आणि धोकादायक माल यांच्यासाठीच्या विशेष अटी मात्र तशाच राहिल्या. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी हा निर्णय केवळ विमा कायद्याचा भाग म्हणून वाचू नये. हलक्या मालवाहू गाड्यांवर काम सुरू करणाऱ्या तरुणाच्या मार्गातील एक पायरी त्यामुळे कमी झाली, हा त्याचा रोजगाराच्या दृष्टीने अर्थ आहे.

आठवी उत्तीर्णतेची अट

परिवहन वाहनाच्या चालकाने किमान आठवी उत्तीर्ण असावे, अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८ मध्ये होती. हरियाणातील मेवात भागात शेती मर्यादित असून असंख्य कुटुंबांची उपजीविका वाहन चालविण्यावर अवलंबून आहे. कसब असूनही शाळेचा दाखला नसल्यामुळे तेथील अनेकांना परवाना मिळू शकत नव्हता. हरियाणा शासनाने या अटीतून सूट मागितली. केंद्राने ती अट सर्वांसाठीच काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नियम ८ वगळण्यात आला. त्याचबरोबर रस्त्यावरील खुणा वाचणे, फेरीच्या नोंदी ठेवणे, निघण्यापूर्वी वाहन तपासणे, कागदपत्रांतील तफावत ओळखणे या बाबी प्रशिक्षणातून आल्याच पाहिजेत, असेही मंत्रालयाने स्पष्ट केले.

हा बदल योग्य होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धान्तानुसार शैक्षणिक प्रमाणपत्र प्रत्यक्ष कौशल्य वाढवितेच असे नाही. उमेदवारांच्या गर्दीतून निवड करणाऱ्याला ते एक खूण पुरविते. आठवीचा दाखला घाटातील उतारावर कोणता गिअर टाकावा हे शिकवीत नाही. परंतु खूण काढून टाकली म्हणजे पारख करण्याची गरज संपली, असे होत नाही. ज्या कामात वाचन खरोखर आवश्यक आहे तेथे नियमाने ते कायम ठेवले आहे. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, आम्ले यांसारख्या धोकादायक मालाच्या चालकाला नियम ९ प्रमाणे घटनेच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते आणि तीन दिवसांचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. टँकर उलटल्यास मागच्या फलकावरील सूचना वाचून काय करावयाचे हे त्यालाच सर्वप्रथम ठरवावे लागते. तेथे ही अट अवाजवी म्हणता येणार नाही.

शासकीय भरतीचे निकष याहून वेगळे असतात. उदाहरणार्थ, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या २०२५ च्या चालक शिपाई भरतीत दहावी उत्तीर्णता, अवजड किंवा परिवहन वाहनाचा परवाना आणि तीन वर्षांचा वाहन चालविण्याचा अनुभव मागितला होता. खासगी ट्रकमालक दहावीची अट घालत नाही. तो एखाद्या ओळखीच्या चालकाचा शब्द मागतो.

प्रशिक्षणाचा खर्च कोणी करावयाचा?

ट्रकचालक घडविण्याची आपल्याकडील परंपरागत व्यवस्था क्लीनर ते चालक अशी होती. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उस्तादाबरोबर गाडीवर चढे. टायर बदलणे, दोर आवळणे, ताडपत्री बांधणे, रात्री गाडी राखणे ही कामे करता करता तो मोकळ्या माळावर गाडी मागे-पुढे घेण्यास शिके आणि चार-सहा वर्षांनी चालक होई. या व्यवस्थेत शोषण होते, बालमजुरीही होती आणि तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि, तीत एक आर्थिक करार अनुस्यूत होता. शिकणारा मुलगा कमी मजुरी घेऊन प्रशिक्षणाचे शुल्क स्वतःच भरत असे.

गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये ‘मानवी भांडवल’ या ग्रंथात सामान्य प्रशिक्षण आणि विशिष्ट प्रशिक्षण असा जो भेद केला, तो येथे नेमका लागू पडतो. जे कौशल्य केवळ एकाच आस्थापनेत उपयोगी पडते त्यावर ती आस्थापना खर्च करते. ट्रक चालविण्याचे कौशल्य मात्र कोणत्याही मालकाकडे सारखेच उपयोगी पडते. नामक्कलच्या मालकाने पैसे घालून तयार केलेला चालक पुढच्या महिन्यात कळंबोलीच्या मालकाकडे गेला तर पहिल्याचा खर्च वाया जातो. म्हणून कोणताही मालक हा खर्च करण्यास सहसा धजत नाही आणि प्रत्येकालाच तयार चालक हवा असतो. बहुसंख्य मालकांकडे पाचाहून कमी ट्रक असल्याने शिकाऊ मुलासाठी गाडी मोकळी ठेवणे त्यांना परवडतही नाही. भाड्यातील स्पर्धेमुळे खर्च वाचविण्यासाठी अनेकांनी क्लीनर ठेवणेच बंद केले. चालकाच्या शेजारची जागा रिकामी झाली आणि तिच्याबरोबर शिकण्याची जागाही गेली.

ती पोकळी भरून काढण्यासाठी शासनाने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आखली. जून २०२१ मध्ये अधिसूचित होऊन १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या या नियमांनुसार मध्यम व अवजड वाहनांसाठी ३८ तासांचा, सहा आठवड्यांतील अभ्यासक्रम आहे. अशा केंद्रासाठी सपाट प्रदेशात दोन एकर जागा लागते आणि प्रशिक्षक बारावी उत्तीर्ण व पाच वर्षांचा वाहन चालविण्याचा अनुभव असलेला असावा लागतो. येथून उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयाची वाहनचाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. तुलनेसाठी पाहावयाचे तर युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने घालून दिलेला व्यावसायिक चालकाचा पूर्ण प्रारंभिक अभ्यासक्रम २८० तासांचा आणि संक्षिप्त अभ्यासक्रम १४० तासांचा आहे. शिवाय दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी आहे. आपले ३८ तास त्यापुढे तोकडे वाटतात. पण तास वाढविले की शुल्क आणि बुडालेली मजुरी हा दोन्ही प्रकारचा बोजा वाढतो. तो उचलण्याची ऐपत नसलेला तरुण पुन्हा दलालामार्फत मिळणाऱ्या परवान्याकडे वळतो. प्रशिक्षणाचा लाभ मालक, विमा कंपनी आणि रस्त्यावरचे इतर सर्वजण घेतात. खर्च मात्र एकट्या शिकणाऱ्याने करावा, अशी अपेक्षा ठेवली जाते. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या संख्यांत ट्रकचालकांचा दोष किती, हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्या सेवेचे बाह्य परिणाम एवढे मोठे असू शकतात, तिच्या प्रशिक्षणावर सार्वजनिक खर्च करण्यास अर्थशास्त्रीय आधार निश्चितच आहे.

अनुभव म्हणजे नेमके काय?

चाचणीच्या मार्गिकेवर आठच्या आकड्यात गाडी फिरविणे आणि वीस टन माल भरून घाट उतरणे यांत पुष्कळ अंतर आहे. जुने चालक सांगत आले आहेत की, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. या सांगण्यामागे शास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वेग आवरून धरते आणि ब्रेकवरील ताण कमी होतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पकड कमी होते. इंजिनही बंद केले असेल तर हवेच्या ब्रेकला लागणारा दाब पुन्हा तयार होत नाही. पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर ट्रक अनावर होण्याचे प्रकार घडले आहेत, ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

आता प्रश्न असा की, अनुभवी चालकसुद्धा गाडी न्यूट्रलमध्ये का टाकतो? काही मालक फेरीचे डिझेल ठरवून देतात आणि वाचलेले डिझेल चालकाच्या पदरात पडते. मालक व प्रतिनिधी यांच्यातील प्रलोभनांचा प्रश्न पाठ्यपुस्तकात येतो, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. बचतीचा लाभ चालकाला आणि जोखीम सर्वांना. अशा वेळी अनुभवाची वर्षे मोजून सुरक्षितता हाती लागत नाही, कारण चुकीच्या प्रलोभनाखाली घालविलेली दहा वर्षे चुकीच्या सवयीचीही दहा वर्षे असू शकतात.

अनुभवात आता कागदपत्रांच्या ज्ञानाचीही भर पडली आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील करनाके हटले. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आले. या बिलाची मुदत अंतरावर ठरते. १ जानेवारी २०२१ पासून सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस, असे प्रमाण आहे. गाडी वाटेत बिघडल्यास मुदत केव्हा वाढवून घ्यावयाची, हे चालकाला कळले नाही तर माल अडकून पडतो. क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. म्हणून पावतीवरील वजन आणि वजनकाट्यावरील वजन ताडून पाहणे हेही कौशल्यच होय.

अनुभवाचा पुरावा

वर वर्णिलेला अनुभव सिद्ध कसा करावयाचा, ही चालकाची खरी अडचण आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम ही मर्यादा त्यात होती. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारे चालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये तो कायदा विलीन झाला. या संहितेने नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु मोटार परिवहन उपक्रमासाठी कामगारसंख्येची मर्यादा पाचवरून दहावर गेली. परिणामी ज्याला अनुभवाच्या लेखी पुराव्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच चालकाला नियुक्तीपत्र मिळण्याची शक्यता सर्वांत कमी आहे. मग नव्या मालकाला परवान्यावरील तारखेवरून वर्षे मोजावी लागतात. त्या वर्षांत गाडी किती चालविली, कोणती आणि कशी, हे परवाना सांगत नाही.

राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी मिळविलेल्या कौशल्यास मान्यता देण्याचा भाग समाविष्ट करण्यात आला. शाळेत न गेलेल्या, परंतु पंधरा वर्षे मुंबई–दिल्ली मार्गावर गाडी चालविलेल्या चालकाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय त्यामुळे झाली. विमा कंपन्यांनी अशा चालकाच्या गाडीला हप्त्यात सवलत दिली, तर मालक ते प्रमाणपत्र स्वतःहून मागू लागेल आणि चालकालाही त्याच्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडविणे परवडेल.