एकाच अंगणात कुत्रा आणि मांजर : शिस्त कशी लावावी?



आपल्या भागात शेतकऱ्याच्या घरी कुत्रा आणि मांजर हे दोघेही हौसेपेक्षा गरजेपोटी येतात. तूर, हरभरा, ज्वारीची पोती घरात आली की त्यांच्यामागून उंदीर येतात, म्हणून मांजर हवे असते. शेताच्या राखणीला आणि रात्री दारात जाग राहावी म्हणून कुत्रा हवा असतो. अडचण एवढीच की या दोघांचे सख्य विळ्या-भोपळ्याचे. काही पालकांनी आमच्याकडे एकसारखीच तक्रार केली. कुत्रा मांजराच्या अंगावर धावतो, पिल्लू धरतो, कितीही मारले तरी ऐकत नाही. तेव्हा त्याला दूरच्या शिवारात सोडून यावे काय? ज्या घरात असा विचार सुरू होतो, त्या घरातील मुलाचे वर्गात लक्ष लागत नाही. म्हणून हा प्रश्न शाळेचाही आहे असे आम्ही मानतो.

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे : कुत्र्याला सोडू नका, मारूही नका, शिकवा. ते कसे, हे या पाठात क्रमाने पाहू.

कुत्रा मांजरामागे का धावतो?

कुत्र्याचे पूर्वज लांडगे. पळणारी वस्तू दिसली की तिचा पाठलाग करणे हे त्याच्या रक्तातच आहे. आपल्या राज्यातलेच उदाहरण घ्या. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे पूर्वी घोरपडे घराण्याचे संस्थान होते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी तेथील शिकारी कुत्र्याची जात जोपासली. महाराष्ट्रात काही ठिकाणी याच कुत्र्याला कारवानी म्हणतात. लांब पाय, निमुळते तोंड आणि अतिशय तीक्ष्ण नजर ही त्याची लक्षणे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या जातीवर तिकीट काढले, आणि २०१६ साली भारतीय सैन्याने या जातीची काही पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र आहे, आणि ते आपल्या बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीत येते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार हेरतो. ससा स्थिर बसला तर एक वेळ तो त्याच्या नजरेतून सुटेल, पण पळाला की कुत्रा सुटलाच. आपल्या दारचा गावठी कुत्रा मुधोळ नसला तरी हा स्वभाव त्याच्यातही कमी-अधिक असतोच. मांजर पळते म्हणून कुत्रा धावतो, आणि कुत्रा धावतो म्हणून मांजर आणखी पळते. यात वैर नाही, राग नाही. कुत्र्याच्या दृष्टीने तो आवडता खेळ आहे. मात्र या खेळात मांजराचा जीव जातो किंवा कुत्र्याचा डोळा फुटतो.

दुसरे कारण भाषेचे आहे. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा बहुधा तो खुशीत असतो. मांजर शेपूट आपटते तेव्हा ते चिडलेले असते. कुत्रा उताणा पडतो तो शरण आल्यामुळे. घाबरलेले मांजर उताणे पडते ते चारही पंजांच्या नख्या मोकळ्या करण्यासाठी. एकाचा नमस्कार दुसऱ्याला धमकी वाटते. तरीही ही भाषा शिकता येते. २००८ साली इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कुत्रा व मांजर एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घरांत दोघांचे चांगले जमत होते. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा एक वर्षाच्या आत घरी आलेला असेल, आणि मांजर आधी आलेले असेल, तर सलोखा अधिक चांगला होता, असेही त्यांना आढळले. म्हणजे पिल्लू आणतानाच विचार केला तर पुढचे निम्मे काम सोपे होते.

मार का उपयोगी पडत नाही?

बी. एड. आणि डी. एड. करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने दोन नावे वाचलेली असतात. पहिले रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खाणे देण्यापूर्वी प्रत्येक वेळी ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. दुसरे अमेरिकेचे थॉर्नडाईक. त्यांनी मांजरांना पिंजऱ्यात ठेवून प्रयोग केले आणि १८९८ साली ते प्रसिद्ध केले. ज्या कृतीनंतर चांगले फळ मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा त्याचा सारांश. म्हणजे शिक्षणशास्त्राचे दोन मोठे धडे आपल्याला कुत्र्याने आणि मांजरानेच दिलेले आहेत.

आता आपल्या अंगणात काय घडते ते पाहा. मांजर आले, कुत्रा धावला, आणि त्याच्या पाठीत काठी बसली. आपण समजतो, कुत्रा शिकला की मांजराला त्रास द्यायचा नाही. पावलोव्हच्या नियमाने कुत्रा शिकतो ते वेगळेच : मांजर दिसले की मार बसतो. त्याच्या मनात मांजर आणि वेदना यांची जोडी जमते. मालक समोर असेपर्यंत तो गप्प राहतो. मालक शेतात गेला की वड्याचे तेल वांग्यावर निघते. मार जितका अधिक, तितका मांजरावरचा राग अधिक.

आणखी एक धोका आहे. कुत्रा गुरगुरतो ती त्याची सूचना असते. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर तो गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. मग तो सूचना न देता चावतो, आणि त्या वेळी जवळ असते ते बहुधा घरातले लहान मूल.

‘पण आमच्या कुत्र्याला चूक कळते, तो मान खाली घालतो,’ असे काहीजण म्हणतात. अमेरिकेतील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याने चूक केली असो वा नसो, मालक रागावला की तो तसाच चेहरा करतो, असे त्यांना दिसले. ती अपराधाची कबुली नसते, रागावलेल्या माणसापुढची भीती असते. म्हणून सकाळच्या चुकीची शिक्षा संध्याकाळी देणे व्यर्थ आहे.

शिस्त म्हणजे नेम

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ज्याला अनुशासन म्हणतात त्याला मराठीत शिस्त म्हणतात. हाच शब्द हिंदीत निशाणा या अर्थाने येतो. तो फारसीतून आलेला आहे. हा अर्थ आम्हाला फार उपयोगी वाटतो. ज्याला शिस्त लावायची, त्याच्यापुढे नेम धरण्यासारखे काहीतरी असले पाहिजे. ‘मांजरामागे धावू नकोस’ हा नेम होऊ शकत नाही, कारण त्यात काय करायचे ते सांगितलेले नाही. ‘मांजर दिसले की बसून माझ्याकडे बघ’ हा नेम आहे. कुत्र्याला हे शिकवता येते.

पायरी पायरीने

पहिली पायरी : मांजराची जागा. माळा, उंच फळी, कोनाडा, जिन्याखालचा कप्पा, जेथे कुत्रा पोहोचणार नाही अशा दोन तरी जागा असाव्यात. मांजराचे दूध व अन्न वरच ठेवावे. पळून जायला वाट आहे हे कळले की मांजर कमी पळते, आणि ते कमी पळाले की कुत्राही कमी धावतो.

दुसरी पायरी : वासाची ओळख. तीन-चार दिवस दोघांना समोरासमोर आणू नये. ज्या गोणपाटावर मांजर झोपते ते कुत्र्याजवळ आणि कुत्र्याचे मांजराजवळ ठेवावे. कुत्र्याने शांतपणे हुंगले की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा.

तिसरी पायरी : लांबून दर्शन. कुत्र्याला दोरी बांधून अंगणाच्या एका टोकाला धरावे, मांजर दुसऱ्या टोकाला मोकळे असावे. कुत्र्याला मांजर दिसते पण तो ओढ घेत नाही, एवढे अंतर हवे. त्याने मांजराकडे पाहिले आणि नजर वळवून आपल्याकडे पाहिले, की त्याच क्षणी शाबासकी आणि तुकडा. दोन-चार क्षणांचाही उशीर झाला तर बक्षीस कशाचे ते त्याला कळत नाही. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, जेवणापूर्वी. उकडलेल्या अंड्याचा कण असेल तर उत्तम. कांदा-लसूण घातलेले कालवण मात्र कुत्र्याला देऊ नये.

चौथी पायरी : अंतर कमी करणे. रोज थोडे जवळ यावे. कुत्र्याने कान ताठ केले, अंग आखडले, एकटक पाहू लागला, तर न रागावता मागे सरावे. वर्गात एखादे उदाहरण जड गेले तर आपण मागचा धडा पुन्हा घेतो, तसेच हे आहे.

पाचवी पायरी : सैल दोरी. दोरी गळ्यात ठेवून कुत्र्याला आपल्या नजरेसमोर मोकळे सोडावे. धावू लागला तर दोरीवर पाय ठेवावा आणि शांतपणे बाजूला नेऊन दोन मिनिटे बसवावे. ओरडणे नाही, काठी नाही. खेळ संपला, एवढेच त्याला कळले पाहिजे. कित्येक आठवडे नीट गेल्याशिवाय दोघांना घरात एकटे सोडू नये.

याबरोबर कुत्र्याला रोज चालवून, पळवून आणणे आवश्यक आहे. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा सुटताच जे पळते त्याच्यामागे पळणार, त्यात नवल नाही.

एक घर, एक शब्द

आपल्या सीमाभागातील घरांत एक खास अडचण असते. वडील कुत्र्याला ‘बस’ म्हणतात, आजी ‘कुंद्रू’ म्हणते, शेजारचे काका ‘बैठ’ म्हणतात आणि मुले दूरदर्शनवर ऐकून ‘सीट’ म्हणतात. शिवाय ‘आता पुरे’ म्हणायलाही आपण ‘बस’ म्हणतो. माणसे चार भाषा सांभाळतात. बिचाऱ्या कुत्र्याला एका कामासाठी एकच शब्द हवा. सर्वांनी बसून ठरवावे, ठरलेला शब्द भिंतीवर लिहावा आणि तोच वापरावा. शब्द कन्नड आहे की मराठी, याला महत्त्व नाही. तो सर्वांचा एक असणे महत्त्वाचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक शब्द मात्र घरातून कायमचा काढून टाका : ‘छू!’ गंमत म्हणून कुत्र्याला मांजरावर छू केले, की महिनाभराची शिकवण एका क्षणात वाया जाते. आणि जेवणाऱ्या कुत्र्याला किंवा पिल्ले असलेल्या मांजराला कधीही हात लावू नका.

कायदा आणि आरोग्य

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. प्राण्याला निर्दयपणे मारणे, आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, उपाशी मरेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे, हे सर्व त्यात गुन्हा ठरते. गाणगापूरला जाणाऱ्या आपल्या घरांत दत्ताची तसबीर असते आणि तिच्यात पायाशी चार श्वान असतात. त्या तसबिरीला हात जोडून आपण घरच्या कुत्र्याला शिवारात टाकून यावे, हे शोभत नाही.

कुत्रा आणि मांजर दोघांनाही पिसाळण्याविरुद्धची लस द्यावी. मांजरालाही हा रोग होतो, हे अनेकांना माहीत नसते. भांडण सोडवताना मध्ये हात घालू नका. जाड चादर टाका. दात किंवा नखे लागलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सर्व मात्रा पूर्ण करा. हा रोग एकदा प्रकट झाला की बहुधा कोणी वाचत नाही; वेळेवर लस घेतली तर तो टळतो. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पशुवैद्यकीय डॉक्टरांचे व्याख्यान शाळेत व्हावे, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे.

जे जमणार नाही तेही सांगितले पाहिजे. ज्या कुत्र्याने पूर्वी मांजरे मारली आहेत, त्याच्यावर पूर्ण विश्वास कधी टाकू नये. त्याला शेतात आणि मांजराला घरात ठेवणे हाच मार्ग. कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच, ही म्हण शेपटापुरती खरी आहे. आपल्याला शेपूट सरळ करायचेच नाही. धावणारे पाय थांबवायचे आहेत, आणि ते पुष्कळदा थांबतात.

मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली मनाई केली. छडीशिवाय शाळा कशी चालेल, अशी शंका त्या वेळी अनेकांना होती. ज्या घरात मूल कुत्र्याला न मारता शिकवते, त्या घरात या शंकेचे उत्तर रोज अंगणात दिसते. धीर धरून, एक शब्द ठरवून, योग्य वेळी शाबासकी देऊन दुसऱ्याला वळण लावता येते, हे ज्या मुलाने बाराव्या वर्षी स्वतः करून पाहिले, ते पुढे आपल्या मुलांवर हात उगारताना थांबेल, असा आम्हाला विश्वास वाटतो.

स्वाध्याय

१. आपल्या घरात कुत्र्याला दिल्या जाणाऱ्या सर्व आज्ञांची यादी करा. एका कामासाठी किती शब्द आहेत ते मोजा.
२. सात दिवस निरीक्षण करा : मांजर चालत असताना आणि पळत असताना कुत्रा काय करतो? वहीत नोंद ठेवा.
३. मांजराच्या दोन सुरक्षित जागा दाखवणारा घराचा नकाशा काढा.
४. थॉर्नडाईकचा नियम आपल्या अभ्यासाच्या सवयीला कसा लागू पडतो, ते पाच ओळींत लिहा.