वैशाखातील श्वानरक्षा : श्रमाने कोसळणाऱ्या कुत्र्याची निगा

चैत्र सरून वैशाखाचे ऊन माळावर उतरू लागले, की बैलाच्या पाण्याची, म्हशीच्या सावलीची आणि शेळ्यामेंढ्यांच्या चाऱ्याची तजवीज करण्याची आठवण शेतकऱ्याला दुसऱ्या कोणी द्यावी लागत नाही. परंतु ज्याच्या भरवशावर गोठा, खळे आणि मेंढवाडा रात्रभर निर्धास्त असतो, त्या कुत्र्याचा विचार या बंदोबस्तात सहसा होत नाही. कुत्रा आपली सावली आपणच शोधतो, असा आपला समज असतो, आणि जो कुत्रा निरुद्योगी आहे त्याच्यापुरता तो खराही आहे. पावसाळ्यापूर्वी कोकणातून घाट चढून देशावर परतणाऱ्या धनगरी वाड्याबरोबर मजल-दरमजल चालणारा कुत्रा, लातूर-सोलापूरकडचा चपळ कारवान, उसातून रानडुकरे हुसकावणारा गावठी राखण्या, आणि अलीकडे शेतघरोघरी दिसू लागलेला लॅब्रॉडोर, हे मात्र कामाचे कुत्रे आहेत. आणि भर धावेत मागचे पाय लटपटून जमिनीवर कोसळण्याचा प्रसंग येतो तो बहुधा अशाच कुत्र्यांवर.

याचे कारण त्यांच्या स्वभावात आहे. धन्याची हाक, पुढे पळणारे जनावर किंवा पाण्यात फेकलेला चेंडू यांनी अशा कुत्र्याचे चित्त इतके उद्दीपित होते, की शरीराने दिलेली थकव्याची सूचना तो जुमानीतच नाही. आणि म्हणून ‘दमला म्हणजे आपोआप थांबेल’ या भरवशावर त्याला मोकळा सोडणे ही या ऋतूतील सर्वांत घातक चूक होय. थांबण्याचा हुकूम धन्याने द्यावयाचा असतो, आणि तोही कुत्र्याची धावण्याची हौस पुरती शिल्लक असताना द्यावयाचा असतो. पुढे जे सांगावयाचे आहे, त्या सर्वाचा पाया हा एवढाच आहे.

श्रम करणारा मनुष्य सर्वांगाने घामेजतो व घाम वाळताना निवतो. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या गाद्यांना, आणि तो नगण्य असतो. त्याच्या देहातील उष्णता बाहेर पडावयाची ती मुख्यत्वे धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाक यांतील ओलाव्याचे बाष्प होऊन. विश्रांतीच्या वेळी निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. जोराने धावताना स्नायूंत उत्पन्न होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेहून अधिक झाली, की ते काही मिनिटांतच १०५-१०६ च्या पलीकडे जाते. धडधाकट कुत्रा एवढा ताप क्षणभर सोसतो आणि विश्रांती मिळताच निवू लागतो. जो निवत नाही, किंवा ज्याची चाल आणि शुद्ध बिघडते, तो उष्माघाताच्या उंबरठ्यावर आहे असे समजावे.

येथे एका भ्रमाविषयी सावध करणे अवश्य आहे. पारा ४२ वर असताना शेतकरी स्वतःच दुपारचे काम बंद ठेवतो, आणि त्याबरोबर कुत्राही वाचतो. पण वळवाची सर येऊन गेली, आभाळ झाकोळले आणि पारा ३४-३५ वर उतरला, की धोका टळला असे वाटून कुत्र्याला पूर्ववत पळविले जाते. हवा दमट झाली म्हणजे बाष्पीभवन मंदावते आणि धापा टाकण्याचा उपाय निष्फळ होऊ लागतो. म्हणून ज्येष्ठातील ही उकाड्याची, कुंद दिवसांची मुदत कोरड्या वैशाखाइतकीच, किंबहुना काही वेळा त्याहूनही, दगा देणारी असते. कोकणपट्टीत तर वैशाखातसुद्धा हेच घडते, आणि घाट चढणाऱ्या वाड्यांनी चढणीचा टप्पा पहाटेसच उरकावा असे सांगावेसे वाटते ते याच कारणाने.

कोसळण्यापूर्वी कुत्रा खुणा देतो. त्या वाचण्याची सवय मात्र हवी. जीभ नेहमीपेक्षा लांब लोंबू लागते आणि टोकाशी रुंद, पसरट होते. ओठांचे कोपरे मागे ताणले जातात, डोळे बारीक होतात. नेहमी पुढे असणारा कुत्रा मागे रेंगाळतो, वळताना झोक जातो, मागच्या पायांची नखे जमिनीवर घासल्याचा आवाज येतो. यांतील एकही खूण दिसली, तरी त्या दिवसाचे काम तेथेच संपले असे ठरवावे. लाल भडक हिरड्या, दाट चिकट लाळ, ओकारी, रक्तमिश्रित जुलाब, झोकांड्या आणि शेवटी बेशुद्धी ही पुढची अवस्था होय, आणि तीत एकेक मिनिट मोलाचे असते.

अशा वेळी गाडीची शोधाशोध करण्यापूर्वी कुत्र्याला थंड करणे हे पहिले कर्तव्य. एकदम गार पाणी घातल्यास जनावर दगावते, ही समजूत जुनी व सार्वत्रिक आहे, आणि तिच्यापायी पुष्कळ कुत्री कोमट पाण्याने पुसली जात असतानाच हातची गेली असतील. आता पशुवैद्यकाचा सल्ला स्पष्ट आहे: कुत्र्याच्या देहाहून थंड असलेले जे पाणी हाताशी असेल ते विनाविलंब वापरावे. तरुण व निरोगी कुत्रा धावून कोसळला असेल, तर त्याचे डोके वर धरून त्याला मानेपर्यंत हौदात किंवा शेततळ्याच्या कडेच्या उथळ पाण्यात ठेवावे. कुत्रा वृद्ध वा आजारी असेल, तर सावलीत निजवून विहिरीच्या पंपाचे पाणी अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत, सतत ओतावे आणि वारा घालावा. ओले पोते अंगावर पांघरूण म्हणून टाकू नये. ते थोड्याच वेळात तापते आणि आतली उष्णता कोंडून धरते. कुत्रा पूर्ण शुद्धीवर असेल, तर पाण्याने भरलेल्या बादलीत त्याला स्वेच्छेने डोके बुडवू द्यावे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणाऱ्या कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तपासलेल्या उपायांपैकी हाच सर्वांत लवकर निववणारा ठरला. जबरदस्तीने मात्र डोके बुडवू नये. तापमान मोजण्याची सोय असल्यास गुदद्वारातून मोजावे, आणि पारा १०३ वर येताच पाणी थांबवावे, कारण त्यानंतर देह आपोआप निवत जातो आणि अतिरेकाने तो गारठतो.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ग्लानीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. माणसाच्या तापाची गोळी देऊ नये. हा ताप रोगजंतूंचा नव्हे, त्यावर ती गोळी निरुपयोगी आहे आणि यकृतास व मूत्रपिंडास अपाय करते. शुद्धीवर आलेल्या कुत्र्याला साधे पाणी थोडे थोडे पाजावे. घामावाटे त्याचे मीठ गेलेले नसल्यामुळे मीठ-साखरेच्या पाण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. आणि कुत्रा उठून उभा राहिला, शेपटी हलवू लागला, म्हणून दवाखाना टाळू नये, हे तर विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. मूत्रपिंडावरील आणि रक्त साकळण्याच्या क्रियेवरील दुष्परिणाम पुढच्या दोन-तीन दिवसांत प्रकट होतात. हिरड्यांवर किंवा पोटावर रक्ताचे बारीक ठिपके, काळी विष्ठा, गडद तपकिरी लघवी किंवा लघवी बंद होणे ही त्याची चिन्हे होत. तालुक्याचा दवाखाना दूर असेल, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. कुत्रा अजून निवला नसेल, तर पथक येईपर्यंत पाणी आणि वारा चालू ठेवावा.

प्रत्येक कोसळणे उन्हाचेच असते असे मात्र नाही, आणि येथे लॅब्रॉडोर पाळणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. या जातीत एक आनुवंशिक दोष आढळतो. बाह्यतः सुदृढ, उत्साही, शेलाटा कुत्रा पाच ते वीस मिनिटे अत्यंत जोराचा व्यायाम करतो, आणि एकाएकी त्याचे मागचे पाय लुळे पडून तो ते ओढीत चालू लागतो. काही वेळा पुढचे पायही जातात. तो पडलेला असतो, तरी बहुधा शुद्धीवर असतो, धन्याला ओळखतो आणि पुढे सरपटत जाण्याची धडपडही करतो. अर्ध्या तासाच्या आत तो बहुधा पूर्ववत होतो, आणि म्हणूनच धनी ते विसरून जातो. पण अशा प्रसंगी काही कुत्री दगावलेलीही आहेत. पहिला झटका साधारणपणे पाच महिने ते तीन वर्षे या वयात, म्हणजे त्याची तालीम ऐन जोरात असताना येतो. चेतातंतूंकडून स्नायूंना पोहोचणारा संदेश अखंड चालू राहावा यासाठी डायनॅमिन-१ नावाचे एक प्रथिन लागते. त्याच्या जनुकातील बदल हे या दोषाचे मूळ आहे, असे २००८ साली अमेरिकेतील मिनेसोटा आणि कॅनडातील सस्कॅचेवान येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले. हा दोष माता आणि पिता या दोघांकडून आला तरच कुत्रा कोसळतो. एकाकडूनच आला, तर तो स्वतः निरोगी राहून दोष पुढच्या पिढीस देऊ शकतो. जनुकीय तपासणीने हे निश्चित कळते, आणि पिलू विकत घेताना माता-पित्यांचा असा दाखला मागण्यात संकोच करू नये.

या दोषावर औषधाने कायमचा इलाज नाही, पण तो असलेला कुत्रा निकामी झाला असेही समजू नये. त्याला बाद करावयाचे ते ऊर फुटेस्तोवर धावण्याच्या कामातून. रोजची चाल, सावकाश फेरफटका, रात्रीची राखण ही कामे तो उत्तम करतो. उत्तेजना हा श्रमाइतकाच मोठा घटक असल्यामुळे त्याला वारंवार चेंडू फेकून खेळविण्याचे सोडावे, आणि मागच्या पायांत किंचित डुलणे दिसताच त्याला जागच्या जागी बसवावे. मेंढ्या वळविण्यासाठी विख्यात असलेल्या बॉर्डर कॉली या इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशातील जातीतही श्रमाने कोसळण्याचा विकार आहे. परंतु त्यात कुत्र्याची बुद्धी काही काळ गोंधळते, तो भरकटतो, एका अंगाला झुकतो, आणि लॅब्रॉडोरमधील जनुकदोष त्याच्या मुळाशी नाही.

आपल्या गावठी आणि कारवान कुत्र्यांत मात्र मला अधिक भय वाटते ते गोचिडांचे. गोचिडांवाटे पसरणाऱ्या तापाने रक्त कमी झालेला कुत्रा घरी बरा दिसतो, आणि चार शेते धावताच बसकण मारतो. त्याच्या हिरड्या लाल नसून पांढुरक्या असतात. बोटाने दाबून सोडल्यावर हिरडीचा रंग दोन सेकंदांत परतला नाही, तर शंका घ्यावी, आणि लघवी कॉफीसारखी गडद असेल, तर दिवसाचाही विलंब लावू नये. हृदयविकार, अपस्मार आणि दीर्घ उपासाने घटलेली रक्तातील साखर हीही कारणे संभवतात. फवारणी झालेल्या रानातून आलेला कुत्रा लाळ गाळीत, थरथरत कोसळला, तर कीटकनाशकाची विषबाधा, आणि रात्रीच्या राखणीनंतर पापण्या मिटत, पाय ढिले पडत गेले, तर नाग किंवा मण्यार यांचा दंश मनात आणावा. पाय लटपटणे, लाळ आणि लोंबणारा जबडा ही पिसाळण्याचीही लक्षणे असू शकतात, म्हणून ज्या कुत्र्यास लस टोचलेली नाही त्याच्या तोंडात हात घालू नये.

जत्रांच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावी श्वानांच्या शर्यती होतात, त्यांविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे: वैशाखात सूर्य वर आल्यानंतर शर्यत ठेवूच नये. पळण्याच्या पाळीची वाट पाहत बंद गाडीत किंवा पत्र्याखाली बांधून ठेवलेला कुत्रा शर्यतीपूर्वीच तापलेला असतो, आणि नंतरचे अल्प अंतरही त्याला झेपत नाही. इतर कुत्र्यांचे कामही उजाडण्यापूर्वी आणि दिवेलागणीनंतर वाटून द्यावे, मध्ये पाण्याचे व सावलीचे मुक्काम ठेवावेत, आणि थंडीत आळसावलेल्या कुत्र्याला उन्हाळी कामाची सवय दोन-तीन आठवड्यांत चढत्या मात्रेने लावावी. भरपेट जेवण धावण्याच्या तोंडावर देऊ नये. त्याने पोट फुगून पीळ पडण्याचे भय असते. लठ्ठ कुत्र्याचे वजन उन्हाळ्याआधीच उतरवावे.

एकदा कोसळलेला कुत्रा पुन्हा कोसळण्याचा संभव अधिक असतो. म्हणून पशुवैद्याने रक्त तपासून अनुमती देईपर्यंत त्याला केवळ दोरीने चालवावे, आणि तो केव्हा, किती वेळ धावल्यानंतर, कोणत्या हवेत पडला, शुद्धीवर होता की नव्हता, कोणते पाय आधी गेले आणि किती मिनिटांत उठला, ही टिपणे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. शक्य झाल्यास घरातील दुसऱ्या कोणी कुत्र्याला थंड करण्याचे काम न थांबविता त्या स्थितीचे मोबाइलवर चित्रण करावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्रा बहुधा सावरलेला असतो, आणि मग निदानाची भिस्त या टिपणांवर व चित्रणावरच राहते.