संकेतस्थळाचे स्थलांतर : घ्यावयाची काळजी

शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्था यांपैकी कित्येकांची आता स्वतःची संकेतस्थळे आहेत. कोकणातील हापूस उत्पादकांच्या काही संस्था आंब्याच्या पेट्यांची मागणी याच मार्गाने नोंदवून घेतात. असे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते, ती जागा बहुधा भाड्याची असते. पहिल्या वर्षी सवलतीच्या दराने मिळालेली जागा नूतनीकरणाच्या वेळी महाग पडू लागते, किंवा ऐन हंगामात गर्दी होताच संकेतस्थळ बंद पडते. मग जागा बदलण्याचा विचार सुरू होतो. विचार योग्यच असतो. परंतु घाईने केलेल्या स्थलांतरात मागण्या, ग्राहकांची पत्रे आणि प्रसंगी संस्थेचे नावसुद्धा हातचे जाते.

या कामात तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत, हे ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने संस्थेच्या पंचांना प्रथम समजावून द्यावे. पहिली गोष्ट नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे सर्व्हर. तिसरी टपाल, म्हणजे त्या नावावर येणारे ई-मेल. प्रत्येक सर्व्हरला एक क्रमांक असतो, आणि कोणत्या नावाचा क्रमांक कोणता हे सांगणारी नोंदवही जगभर विखुरलेल्या नामसर्व्हरांवर असते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखलेली ही पद्धत आजही चालू आहे. जागा बदलणे म्हणजे नाव तेच ठेवून या नोंदवहीतील क्रमांक बदलणे होय. त्यासाठी नावाची नोंदणी दुसरीकडे नेण्याची मुळीच गरज नसते, आणि दोन्ही कामे एकाच आठवड्यात काढणे तर अनिष्टच.

नावाची चौकशी मात्र सर्वांआधी करावी. ज्या तरुणाने हौसेने किंवा मोबदला घेऊन संकेतस्थळ बांधून दिले, त्यानेच नावाची नोंदणी स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर केलेली असते, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. परंतु तो परगावी गेला, अथवा हिशेबावरून बेबनाव झाला, म्हणजे संस्थेला आपल्याच नावाच्या नोंदीत बदल करता येत नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावे असलेल्या जमिनीत विहीर खोदण्यासारखेच हे आहे. तेव्हा नोंदणी संस्थेच्या नावे, संस्थेच्या ताब्यातील ई-मेलवर करून घ्यावी व मुदत केव्हा संपते ते पाहावे. हे झाल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

त्यानंतर संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढावी. वर्डप्रेससारख्या साधनाने बांधलेल्या संकेतस्थळाचे दोन भाग असतात : फाइली आणि डेटाबेस. छायाचित्रे फाइलींत असतात. मजकूर, ग्राहक व मागण्या डेटाबेसमध्ये. नुसत्या फाइली उचलून नेल्यास भिंती येतात, पण कोठारातील धान्य मागेच राहते. प्रत जुन्या सर्व्हरवरच ठेवून समाधान मानू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरांची एक इमारत आगीत भस्मसात झाली, तेव्हा ज्या ग्राहकांनी आपली प्रतही तेथेच ठेवली होती, त्यांच्यापैकी कित्येकांची माहिती कायमची गेली. एक प्रत संस्थेच्या कार्यालयात व दुसरी अन्य ठिकाणी असावी.

नव्या जागी प्रत उतरविल्यावर मराठी मजकूर आधी वाचून पाहावा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अनोळखी चिन्हांच्या ओळी दिसत असतील, तर डेटाबेसची अक्षरपद्धती जुळलेली नाही असे समजावे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. जुना डेटाबेस लॅटिन पद्धतीचा असल्यास हे बाइट सुटे वाचले जातात. अशा वेळी मजकूर हाताने पुन्हा लिहीत बसू नये. योग्य अक्षरपद्धती नेमून प्रत पुन्हा काढावी. इंग्रजी पाने नीट दिसतात म्हणून काम झाले असे कंत्राटदार सांगतो. मराठी पाने पंचांपैकी कोणी तरी स्वतः उघडून पाहिली पाहिजेत.

नोंदवहीतील क्रमांक बदलण्यापूर्वी नवे संकेतस्थळ तपासण्याची सोय आहे. संगणकातील होस्ट्स नावाच्या फाइलीत नव्या सर्व्हरचा क्रमांक व संस्थेचे डोमेन लिहिले, की केवळ त्या संगणकावर नवी जागा दिसू लागते. बाहेरच्या ग्राहकांना जुनीच दिसते. पैसे भरण्याची खरी परीक्षा मात्र क्रमांक बदलल्यावरच घेता येते.

टपालाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. ई-मेलची पेटी जुन्या जागेतच असेल, तर त्याच नावांच्या पेट्या नव्या जागी अगोदर उघडाव्यात व जुनी पत्रे तेथे उतरवून घ्यावीत. टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यावे हे सांगणारी एमएक्स नावाची वेगळी नोंद असते. नामसर्व्हर बदलताना ती नव्या नोंदवहीत उतरवून घेण्याचे राहिले, की व्यापाऱ्याचे पत्र परत जाते आणि संस्थेला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जुन्या नोंदवहीतील प्रत्येक ओळ आधी कागदावर उतरवून ठेवावी.

आता वेळेविषयी. नोंदवहीतील प्रत्येक ओळीला आयुर्मान असते व ते सेकंदांत लिहितात. ते ८६४०० असेल, तर जुना क्रमांक लोकांकडे पूर्ण दिवसभर टिकून राहतो. बदलाच्या दोन दिवस आधी ते ३०० वर, म्हणजे पाच मिनिटांवर आणावे. काम आठवड्याच्या मधल्या दिवशी काढावे. शनिवारी रात्री अडचण आल्यास रविवारी मदतीला कोणी सापडत नाही. बदलाच्या दिवशी जुन्या संकेतस्थळावर मागणी घेणे थांबवून तशी सूचना लावावी, मगच डेटाबेसची अखेरची प्रत घ्यावी. हे न केल्यास काही मागण्या जुन्या डेटाबेसमध्ये व काही नव्यात पडतात. ज्याने पैसे भरले त्या ग्राहकाची पेटी निघत नाही, आणि संस्थेने वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास दोन दिवसांत उणावतो.

आंबा संस्थांनी हे काम फेब्रुवारी ते मे या काळात मुळीच हाती घेऊ नये. पाऊस उतरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, मागणी नसते व वीजही तुलनेने बरी असते. इतर पिकांच्या संस्थांनी आपापल्या हंगामावरून काळ ठरवावा.

जुनी जागा लगेच सोडू नये. एक महिन्याचे भाडे अधिक गेले तरी चालेल. काही चुकल्यास माघारी येण्याची ती एकच वाट असते. महिन्याअखेर जुन्या पेटीत नवे पत्र येत नाही व जुन्या डेटाबेसमध्ये नवी मागणी पडलेली नाही, अशी खात्री करून घ्यावी. मग ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक तेथून पुसून टाकावेत आणि खाते बंद करावे. नव्या जागेची व डोमेनची खाती कोणाच्या ताब्यात आहेत आणि त्यांच्या मुदती केव्हा संपतात, याची नोंद सचिवांनी संस्थेच्या दप्तरात करून ठेवावी.