दोघांतले दोघांतच

आज सामान्य काळातील तेविसावा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १८:१५-२०) भावाने आपला अपराध केला तर काय करावे, हे प्रभू येशू पायरीपायरीने सांगतो. आधी आपण एकट्याने त्याच्याकडे जावे व त्याची चूक त्याला दाखवावी. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही तर ख्रिस्तसभेला सांगावे.

आपण ह्याच पायऱ्या उलट्या क्रमाने चढतो. आधी ख्रिस्तसभा, म्हणजे मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात घोळक्याने उभी राहणारी मंडळी. मग एक-दोघे, म्हणजे जाऊबाई, मेव्हणे, शेजारी. आणि ज्याने आपल्याला दुखावले त्याला हे सर्वांत शेवटी कळते, तेही तिसऱ्याच्या तोंडून. हल्ली तर घरच्या व्हॉट्सॲप गटावर एखादे बोचरे वाक्य टाकले की तिन्ही पायऱ्या एकदम उरकतात.

आमच्या माहितीतले दोन भाऊ सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. वाडीतल्या विहिरीवर पंप एकच, विजेचे बिल निम्मेनिम्मे. एका उन्हाळ्यात धाकट्याने पाणी कमी घेतले म्हणून पैसेही कमी दिले. एवढीच गोष्ट, पाचशे रुपयांच्या आतली. पण एका लग्नघरी थोरला म्हणाला, "त्याचे आता आमच्याशी हिशेब सुरू झालेत." हे वाक्य चार कानांवरून फिरून धाकट्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्याचे झाले होते, "त्याला आता विहिरीवर पाय ठेवू देणार नाही." त्या चार कानांपैकी दोन आमचे होते. आम्ही ते ऐकले होते, आणि "तुला म्हणून सांगतो" असे म्हणत पुढे सांगितलेही होते. त्यात आमची भर किती पडली हे आज आम्हाला खरेच आठवत नाही. म्हणूनच हा लेख लिहिताना आम्ही उपदेश करणाऱ्यांच्या बाकावर बसलेलो नाही.

नुकताच २७ ऑगस्टला आपण संत मोनिकेचा सण साजरा केला. आया मुलांसाठी तिच्याकडे मध्यस्थी मागतात. पण तिच्या पुत्राने, संत ऑगस्टीनने, 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथाच्या नवव्या भागात आईचा आणखी एक गुण सांगितला आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. भांडलेल्या दोन्ही बाजूंच्या बाया तिच्याकडे येऊन मन मोकळे करीत, एकमेकींविषयी वाटेल ते बोलत. मोनिका सारे ऐकून घेई. मात्र एकीचे दुसरीला सांगताना समेटाला उपयोगी पडेल तेवढेच सांगे, बाकीचे स्वतःपाशी ठेवी. ऑगस्टीन पुढे म्हणतो की हा गुण त्याला किरकोळ वाटला असता. पण रागात बोललेले शब्द शत्रूच्या कानी घालणारी, शिवाय न बोललेलेही त्यात मिसळणारी असंख्य माणसे त्याने पाहिली होती. चौथ्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेतही हेच चालत होते तर!

मोनिकेला स्वतःला ह्याची झळ बसली होती. घरातल्या दासींनी सासूचे कान भरले होते. सुनेने उलट उत्तरे दिली नाहीत, सेवा व सहनशीलता सोडली नाही. अखेर सासूनेच चहाडखोर कोण ते ओळखले. नवरा पॅट्रिशियस तापट होता. तो संतापलेला असताना ती बोलत नसे. तो शांत झाला की आपले म्हणणे समजावून सांगे. म्हणजे ती गप्प बसून राहत नव्हती, वेळ पाहून बोलत होती.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे अबोल्यालाच शांती समजण्याची पद्धत आहे. "आम्ही कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही," असे अभिमानाने म्हटले जाते. आजच्या पहिल्या वाचनातील यहेज्केल संदेष्टा (३३:७-९) मात्र पहारेकऱ्याविषयी बोलतो. चुकणाऱ्याला त्याने सावध केले नाही तर त्याचा जाब पहारेकऱ्यालाच द्यावा लागतो. अबोला धरणे सोपे असते. समोर जाऊन, आवाज न चढवता, "तुझ्या त्या वागण्याने मला वाईट वाटले," एवढे म्हणणे फार अवघड.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जिथे मारहाण आहे, दारूचा धिंगाणा आहे, लेकरांना इजा आहे, तिथे "एकट्याने जा" हा सल्ला लागू करू नये. मोनिकेच्या ओळखीच्या बायकांच्या तोंडावर नवऱ्याच्या माराचे वण असत. त्यांना तिने नमते घेण्यास सांगितले, असे ऑगस्टीन लिहितो. तो सल्ला आज आम्ही कोणत्याही बहिणीला देणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेटिसिया' ह्या पत्रात (क्र. २४१) म्हटले आहे की दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना अत्याचारापासून वाचवण्यासाठी विभक्त होणे प्रसंगी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदाही आहे. अशा वेळी थेट मदत मागावी.

बाकीच्या आपल्या भांडणांसाठी मिस्सामध्ये शांतिचिन्ह आहे. आपण हात जोडून शेजारच्याकडे वळतो. ज्याच्याशी बोलत नाही तो चार बाक पुढे बसलेला असतो, त्यामुळे अडचण येत नाही! वेदीवर दान अर्पिण्यापूर्वी भावाशी समेट करावा, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). ह्याच वचनाला धरून २००५ च्या बिशपांच्या सिनडमध्ये शांतिचिन्ह अर्पणविधीच्या आधी आणावे, असा विचार मांडला गेला होता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तो प्रश्न अभ्यासासाठी व्हॅटिकनच्या संबंधित विभागांकडे सोपवला. २०१४ साली निर्णय आला की चिन्ह आहे तिथेच, परमप्रसादापूर्वी, राहील. तेव्हा समेटाचे काम घरून निघण्याआधीच करावे लागणार.

आणि सगळ्या पायऱ्या संपल्या तर? त्याला जकातदारासारखा समजावे, असे प्रभू म्हणतो. पुष्कळ जण हे वाचून सुटकेचा श्वास टाकतात, की चला, आता संबंध तोडायला मोकळे झालो. पण हे शब्द लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता, आणि प्रभू त्याच्या घरी जेवायला बसला होता.

त्या दोन भावांचे पुढे असे झाले. धाकट्याच्या मुलीचे लग्न ठरले. पत्रिका कोणाच्या तरी हाती पाठवावी, असे घरात चालले होते. आदल्या रात्री आम्ही धाकट्याला गाठले आणि लग्नघरी थोरला नेमके काय बोलला होता ते सांगितले. आम्ही काय केले तेही सांगितले. तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. त्या नजरेतून आम्ही अजून सुटलेलो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच पत्रिका घेऊन थोरल्याच्या घरी गेला. वहिनींनी चहा ठेवला, तो निवून गेला. दहा मिनिटांत तो परतला. लग्नात मात्र आशीर्वादाला मुलीच्या डोक्यावर पहिला हात थोरल्या काकाचा होता. पंपाचा हिशेब अजून मिटायचा आहे. पण आता तो ते दोघेच ओटीवर बसून करतात.