स्पीकरची तार काढण्याआधी

पोरी, बाबांचे जुने स्पीकर नव्या फ्लॅटवर नेते आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. लाकडी खोक्याचे असले स्पीकर नीट सांभाळले तर दोन पिढ्यांना पुरतात. पण ‘वायरलेस करून घेते’ म्हणालीस, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो.

हवेतून गाणं येतं, वीज येत नाही. स्पीकरचा पडदा हलतो तो अॅम्प्लिफायरने पाठवलेल्या विजेवर. मधली तार काढलीस की प्रत्येक स्पीकरपाशी वेगळा रिसीव्हर, वेगळा छोटा अॅम्प्लिफायर आणि त्यांच्यासाठी 230 व्होल्टचा प्लग लागणार. स्पीकर ठेवायच्या दोन्ही जागी प्लग पॉइंट आहेत का, ते आधी बघ. नसतील तर बारीक तार लपवण्याच्या नादात दोन एक्स्टेन्शन बोर्ड हॉलभर लोळतील.

फोनवरची गाणी सोफ्यावर बसून लावायची, एवढीच हौस असेल तर स्पीकरला हातही लावू नकोस. ब्लूटूथ रिसीव्हरची छोटी डबी आण आणि तिच्या लाल-पांढऱ्या पिना अॅम्प्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी लाव. ‘फोनो’मध्ये खुपसू नकोस, ती जागा रेकॉर्ड प्लेयरची, तिथे आवाज फाटतो. फोनपासून अॅम्प्लिफायरपर्यंत हवा, पुढे तांबं. बहुतेक घरांचं काम एवढ्यात होतं. टीव्ही मात्र अॅम्प्लिफायरला तारेनेच जोड. साध्या ब्लूटूथवर आवाज 100 ते 200 मिलिसेकंद मागे राहतो. गाण्याला त्याने काही बिघडत नाही, पण बातम्या देणाऱ्याचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

तार घेताना नावाला भुलू नकोस, जाडी आणि धातू बघ. 8 ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत 1.5 एमएमची तांब्याची तार पुरते. जाऊन-येऊन वीस मीटरला तिचा रोध पाव ओहमसुद्धा भरत नाही, म्हणजे स्पीकरच्या तीन टक्के. पाच टक्क्यांच्या आत असलं की झालं. स्पीकर 4 ओहमचे असतील किंवा अंतर जास्त असेल तर 2.5 एमएम घे. स्पीकरच्या पाठीवरच्या पट्टीवर ओहम छापलेले असतात. सोन्याचा मुलामा आणि परदेशी नाव यांवर पैसे घालवू नकोस.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, दुकानदाराला तारेचं टोक सोलून दाखवायला सांग. त्यातला एक पीळ वेगळा कर आणि ब्लेडने हलकेच खरवड. आत लालसर निघालं तर तांबं. वर लाल आणि आत पांढरं निघालं, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्याचा रोध साधारण दीडपट, आणि स्क्रूखाली ते दबतं, जोड सैल होतो. स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस.

तार घराच्या लाइटच्या पाइपात कधीच घालायची नाही. वायरमन म्हणेल, ‘काय होतंय ताई, जागा आहे की’. तरी ऐकायचं नाही. 230 व्होल्टची वायर आत कुठे सोलली गेली तर करंट थेट स्पीकरच्या स्क्रूवर येईल. भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगच्या वर वेगळी केसिंग पट्टी मारून घे. लाइटची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांड. प्लास्टर व्हायचं असेल तर वेगळा पाइप टाकून त्यात ओढायची दोरी ठेवायला सांग.

जोडताना अॅम्प्लिफायर बंद. दोन टोकांचे मोकळे पीळ एकमेकांना लागले तर अॅम्प्लिफायर जळू शकतो, म्हणून टोक घट्ट पिळून मगच आत घाल. लाल ते लाल, काळं ते काळं. एक बाजू उलटी लागली तर तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो आणि गाणारा मधोमध उभा न राहता खोलीभर पसरतो. शंका आली तर अॅम्प्लिफायरकडची टोकं सोड, स्पीकरची जाळी काढ आणि पेन्सिल सेलचं अधिक टोक लाल तारेला, उणं काळ्या तारेला क्षणभर टेकव. ‘टक्’ आवाज होऊन मोठा पडदा पुढे येईल किंवा मागे जाईल. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच बाजूला हलले पाहिजेत.

भाड्याचं घर असेल, मालक खिळा मारू देत नसेल, किंवा मध्ये दार येत असेल, तर वायरलेस जरूर कर. फक्त एकाच ट्रान्समीटरवर दोन्ही स्पीकर चालणारा संच घे. दोन सुट्या डब्या दोन बाजूंना लावल्या तर डावा-उजवा आवाज पुढेमागे होतो, आणि बाबांनी जपलेला स्टीरिओ हातचा जातो.

आणि पट्टी ठोकण्याची घाई करू नकोस. तार आठवडाभर जमिनीवर मोकळी राहू दे. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून बघ, कोपऱ्यातून काढून बघ, सोफ्यावर बसून रोज ऐक. जागा मनासारखी ठरली की दोन्ही टोकांना अर्धा मीटर तार जास्त ठेव, आणि मगच ड्रिल हातात घे.