अक्षरांचा प्रवाह



गेल्या सत्रांत आमच्या एका विद्यार्थ्यानें परीक्षेच्या गुणांची सरासरी काढणारी एक छोटी आज्ञावली सी भाषेंत लिहिली. चाळीस मुलांचा हिशेब बिनचूक झाला. एकेचाळिसाव्या मुलाच्या नांवापुढें विषयांची संख्या चुकून शून्य पडली होती. शून्यानें भागण्याची वेळ येतांच आज्ञावली मध्येंच बंद पडली. आम्हीं फाईल उघडून पाहतों तों तींत एकही ओळ नाहीं! "सर, झालेला हिशेब तरी कोठें गेला?" असें त्यानें रडवेल्या चेहऱ्यानें विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर हाच आमचा आजचा पाठ होय.

संगणकांच्या जाती अनेक आणि माहिती ठेवण्याच्या त्यांच्या रीतीही अनेक. युनिक्स पद्धतींत ओळीचा शेवट एका चिन्हानें दाखवितात, विंडोज पद्धतींत दोन चिन्हांनीं. बहुतेक यंत्रांत इंग्रजी मोठ्या 'ए' अक्षराचा अंक ६५ असतो, तर आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत तो १९३. अशा स्थितींत एका यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर कशी चालावी? ही अडचण दूर करण्यासाठीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत माइक लेस्क यांनीं एक लायब्ररी तयार केली. येथें लायब्ररी म्हणजे पुस्तकांचा संग्रह नव्हे. वारंवार लागणाऱ्या कामांसाठीं आधींच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संग्रह. पुढें तिची फेररचना होऊन ती १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तींत आली, आणि १९८९ मध्यें सी भाषेचें अमेरिकन प्रमाण ठरलें तेव्हां त्यांत तिला कायमचें स्थान मिळालें.

तिची युक्ति साधी आहे. फाईल असो, कळफलक असो वा पडदा असो, लायब्ररी त्या सर्वांना एकच रूप देते: एकामागून एक येणाऱ्या अक्षरांचा प्रवाह. 'एफओपन' या आज्ञेनें फाईलचा प्रवाह उघडावा, वाचावें किंवा लिहावें, आणि 'एफक्लोज' या आज्ञेनें तो बंद करावा. यंत्रायंत्रांतील भेद लायब्ररी आपल्या पोटांत ठेवते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एकेक पत्र घेऊन पोस्टमन तालुक्याला धांवत नाहीं. तीं पेटींत जमतात आणि मग एकदमच निघतात. लायब्ररीही तसेंच करते. फाईलसाठीं दिलेलीं अक्षरें ती प्रथम 'बफर' नामक पेटींत सांठविते. ही पेटी बहुधा कांहीं हजार अक्षरांची असते. ती भरली, प्रवाह बंद केला, किंवा 'एफफ्लश' ही आज्ञा दिली, म्हणजे अक्षरें पुढें जातात. यामुळें वेळ पुष्कळ वांचतो. परंतु आज्ञावली अकस्मात् मेली, तर पेटींतील पत्रें तेथेंच नष्ट होतात. चाळीस मुलांचे गुण असे पेटींतच राहिले होते! म्हणूनच चुकीच्या सूचनांसाठीं जो निराळा प्रवाह ठेविला आहे, त्यांतील मजकूर पेटी भरेपर्यंत थांबवून ठेवीत नाहींत. संकटाची वार्ता मागें राहून कसें चालेल?

त्या विद्यार्थ्यानें आज्ञावली पुन्हां लिहिली. भागण्यापूर्वीं शून्याची तपासणी केली, प्रत्येक मुलाच्या हिशेबानंतर एफफ्लश घातलें, आणि शेवटीं एफक्लोजनें दिलेलें उत्तरही पाहिलें. कारण डिस्क भरलेली असल्यास 'लिहितां आलें नाहीं' हें तेथेंच कळतें. यादी पूर्ण उतरली.

लिहिण्याची आज्ञा देणें आणि लिहिलेलें पोंचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा, आणि पालकांनीं, घरीं मुलगा "काम झालें" म्हणाला, तर "पोंचलें काय?" एवढें अवश्य विचारावें.