ट्रॅक्टरचा लाल दिवा व फवारणीची घाई

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला म्हणजे निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागाईतदारास क्षणाचाही विसावा नसतो. कोवळ्या पानांवर व घडांवर केवडा, म्हणजे बागाईतदार ज्यास डावणी म्हणतात तो रोग, पडण्यापूर्वीं फवारा बसला पाहिजे. अशाच एका सकाळीं प्रस्तुत लेखकाच्या ट्रॅक्टरचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. ‘एवढ्या चार ओळी उरकूं,’ म्हणून ट्रॅक्टर तसाच चालविला. तिसऱ्या ओळींत इंजिन खडखडून जाम झालें. बेअरिंगें जळालीं, फवारणी राहिली, आणि रोग बागेंत शिरला. हा अनुभव इतरांस न यावा म्हणून कांहीं नियम येथें देत आहों.

विहिरीवरील जुन्या तेलइंजिनांस असे दिवे नसत. धुराचा रंग व ठोक्याचा आवाज हीच सूचना असे. हल्लींच्या ट्रॅक्टरांत ती सूचना दिवा, काटा किंवा भोंगा देतो. मात्र प्रत्येक सूचनेचा अर्थ निराळा व उपायही निराळा आहे.

तेलाचा दिवा.— किल्ली फिरवितांच हा दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर कांहीं क्षणांत विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही न लागल्यास दिवा गेला आहे किंवा तार तुटली आहे असें समजावें. ही परीक्षा रोज करावी. चालत्या इंजिनावर तो लागला तर तत्काळ इंजिन बंद करावें. कारण दाब नसतां धातूवर धातू घासून थोडक्याच वेळांत बेअरिंगें जळतात. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा असतां दहा मिनिटें थांबून डिपस्टिकनें तेल पाहावें. कमी असल्यास गळती शोधून भरावें. तेलास डिझेलचा वास येत असेल किंवा तें ताकासारखें पांढुरकें झालें असेल, तर इंजिन मुळींच सुरू करूं नये. तेल पुरेसें असूनही दिवा लागत असल्यास मिस्त्रीकडून निराळ्या मापकानें दाब मोजवावा. तो ठीक निघाला तरच दोष स्विचचा किंवा तारेचा मानावा.

उष्णतेचा काटा.— येथें नियम उलट आहे. काटा लाल भागांत गेल्यास पी. टी. ओ. सोडवून ट्रॅक्टर उभा करावा व इंजिन मंद गतीनें कांहीं मिनिटें चालूं द्यावें, म्हणजे फिरतें पाणी उष्णता बाहेर नेतें. एकदम बंद केल्यास पाणी जागच्या जागीं उकळूं शकतें. परंतु पाणी गळून गेलें असेल, पट्टा तुटला असेल किंवा काटा उतरत नसेल, तर इंजिन बंदच करावें. पुष्कळ ट्रॅक्टरांत पंखा, पाण्याचा पंप व अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर चालतात. म्हणून बॅटरीचा दिवा लागून उष्णताही वाढली, तर प्रथम पट्टा पाहावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. उकळतें पाणी उसळून तोंड व हात भाजतात. गरम इंजिनांत थंड पाणी ओतूं नये. त्यानें हेड तडकण्याची भीति असते.

द्राक्षबागेंत पुष्कळदां दोष रेडिएटरच्या जाळीचा असतो. वाळलेलीं पानें, धूळ व औषधाचा साका तींत बसून वारा अडतो. इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूनें बाहेर, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेनें, बेताच्या जोराचें पाणी मारून ती धुवावी.

भोंग्याचा त्रास होतो म्हणून त्याची तारच काढून टाकणारे कांहीं आहेत. तसें कदापि करूं नये. राहिलेल्या चार ओळी संध्याकाळीं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनें फवारतां येतात; जळालेलें इंजिन दुरुस्त होऊन येईपर्यंत रोग मात्र थांबून राहत नाहीं.